पूजेतली फाईल

ॲडव्होकेट रत्नाकर शिंत्रे यांनी मला आयुष्यात एकच पत्र लिहिलं, आणि त्याचं उत्तर मी वेळेत पाठवलं नाही.

निळं आंतर्देशीय पत्र होतं. अक्षर त्यांच्या आवाजासारखं, लांबून ओळखू येणारं. मजकूर जेमतेम अर्धं पान आणि त्यात एक प्रश्न. हो किंवा नाही, एवढंच लिहायचं होतं. मी पुन्हापुन्हा लिहायला बसलो आणि पुन्हापुन्हा उठलो. दोन्ही उत्तरांत मला माझीच फजिती दिसत होती. पुढे कित्येक वर्षं आम्ही कोल्हापूरच्या कामगार न्यायालयात समोरासमोर उभे राहिलो, ते कारखानदारांच्या बाजूने आणि मी कामगारांच्या. व्हरांड्यात भेटले की ते सगळ्यांदेखत विचारत, "काय गर्दे, पोस्टमन अजून चालतच येतोय का?"

'चालत' या शब्दावर ते मुद्दाम जोर देत. बाकीच्या वकिलांना त्यातली मेख कळत नसे. मला कळे, आणि मी कानापर्यंत लाल होऊन हातातल्या पुस्तकात डोकं घालत असे.

माझ्या हातात नेहमी पुस्तक असे. वकिलाने बोलायचं असतं हे मला वकील झाल्यावर कळलं. तोवर मला वाटत होतं की वकिलाने वाचायचं असतं, आणि ते मला येत होतं. कोर्टात मी प्रश्न घरून लिहून न्यायचो आणि कागदावरून नजर न उचलता साक्षीदाराला वाचून दाखवायचो. साक्षीदार उत्तर द्यायचे. उत्तर काय आलं याकडे माझं फारसं लक्ष नसायचं, कारण मी पुढच्या प्रश्नावर बोट ठेवलेलं असायचं.

पत्र आलं त्या वर्षी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, माझ्या हातात पुस्तकही नव्हतं आणि कागदही.

आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मंगळवार पेठेत भाड्याच्या दोन खोल्या होत्या आणि नलिनीने पहिल्यांदाच स्वतःच्या घरात पूजा मांडली होती. भिंतीशी पाट, पाटावर एकाचे आकडे जोडून काढलेल्या सरस्वतीची पाटी, तिच्यासमोर माझी झाडून सगळी कायद्याची पुस्तकं, त्यांवर माझं शाईचं पेन, आणि सगळ्यांत वर खणात गुंडाळलेली गुंडू चौगलेची फाईल. फाईल मी स्वतःच ठेवली होती. म्हटलं, देवीचा थोडा हात लागला तर बरं. दाराशी सायकल होती, तिच्या हँडलला झेंडूचा हार.

सकाळी कोट चढवून मी पाटाकडे वाकलो.

"हात लावू नका," नलिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. तिला तिथून पाट दिसत नव्हता.

"अगं, आज तारीख आहे. गुंडू चौगलेची."

"उत्तरपूजा कुठे झालीय अजून?"

"मग करून टाकू."

"करून टाकू म्हणजे? नैवेद्य दाखवायचा, मग उत्तरपूजा, मग वस्तू उचलायच्या. आमच्या वाईला बारा वाजतात."

"बारापर्यंत माझी उलटतपासणी संपलेली असेल."

"मग बोला की तोंडाने."

ती पदराला हात पुसत बाहेर आली. मी अजून वाकलेलाच होतो. सरळ व्हावं की फाईल घ्यावी याचा निर्णय झाला नव्हता.

"एक सांगा," ती म्हणाली. "तुमच्या त्या गुंडूची नोकरी कशापायी गेली?"

तिला ते ठाऊक होतं. मी रोज जेवताना तेच सांगत असे. गुंडू चौगले उद्यमनगरातल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात टर्नर होता. एकाच लेथवर त्याने उमेदीची सगळी वर्षं काढली होती. खांडेनवमीला दुपारी कारखान्यात यंत्रांची पूजा झाली, नारळ फुटले, पेढे वाटले. संध्याकाळी मालकांचा निरोप आला, परगावची ऑर्डर अडली आहे, लेथ चालू करा. गुंडू म्हणाला, पूजेला बसलेलं यंत्र उद्या सकाळी उत्तरपूजा झाल्यावर चालेल. हुकूम मोडल्याचा ठपका आला, कारखान्यातल्या कारखान्यात चौकशी झाली आणि गुंडू घरी बसला. त्याला दोन वर्षं झाली होती.

"त्याने पूजेतली लेथ चालवली नाही," नलिनी म्हणाली, "आणि तुम्ही त्याच्या बाजूने उभे राहणार ते पूजेतली फाईल ओढून काढून. बरं दिसेल ते."

मी कायद्याच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलो होतो. हा मुद्दा अभ्यासक्रमात नव्हता. सरळ झालो, कोट नीट केला आणि सायकलकडे पाहिलं.

"तीसुद्धा," ती म्हणाली.

मी चालत निघालो.

वाटेत प्रश्न आठवून पाहत होतो. फुलस्केप कागद भरून प्रश्न होते. पहिला आठवत होता, 'आपण सदर कारखान्यात व्यवस्थापक या पदावर कधीपासून कार्यरत आहात?' दुसरा आठवेना. मिरजकर तिकटीला पोचेपर्यंत पहिल्याचीही खात्री वाटेना.

गुंडू कोर्टाच्या जिन्याशी उभा होता. धुतलेली टोपी, इस्त्रीचा सदरा. नोकरी गेल्यापासून तो मेहुण्याच्या गुऱ्हाळावर इंजिन बघायचा, पण हात लेथवाल्याचेच राहिले होते; बोलताना दोन बोटं नेहमी काहीतरी मापल्यासारखी धरायचा.

"वकीलसाहेब, पिशवी कुठाय?"

"घरी. फाईल पूजेत आहे, गुंडू. उत्तरपूजा बाराला होणार."

मला वाटलं तो हबकेल. तो हबकला नाही.

"मग बराबर हाय की. पूजेतनं कशी काढायची?"

"पण माझे प्रश्न तिच्यात आहेत."

गुंडूने टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली.

"वकीलसाहेब, राग मानू नगा. तोंड तर पूजेत न्हाई न्हवं?"

मला हसू आलं, तरी मी म्हणालो, "आपण पुढची तारीख मागून घेऊ."

"तारीख नगं." आता तो हसत नव्हता. "महिना सरला की त्या नव्या पोराला माझ्या लेथवर कायम करत्यात. मग निकाल लागून काय उपेग? मला ग्येटवर बशिवतील न्हाईतर गोडावनात. मला लेथ पायजे, साहेब. तिचा आवाज मी दारातनं वळकतो."

हे मला माहीत होतं. फाईलमध्ये होतं. पण फाईलमध्ये वाचणं आणि त्याच्या तोंडून ऐकणं यात अंतर होतं, आणि त्या सकाळी मधे धरायला कागद नव्हता.

कोर्ट एका जुन्या इमारतीच्या माडीवर होतं. शिंत्रेसाहेब आधीच बसले होते. भरदार माणूस, पांढऱ्या मिशा पिळदार, आणि समोर कागदांचे गठ्ठे नीट लावलेले. त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग माझ्या मागे कोणी पिशवी घेऊन येतंय का ते पाहिलं.

न्यायाधीश खर्शीकर आले. किरकोळ अंगाचे, कमी बोलणारे गृहस्थ. पुकारा झाला. कारखान्याचे मॅनेजर वालावलकर साक्षीला उभे राहिले. त्यांची सरतपासणी आधीच्या तारखेला झाली होती. आता पाळी माझी होती.

"गर्दे, सुरू करा," न्यायाधीश म्हणाले. मग चष्म्यावरून पाहत, "तुमची फाईल?"

खोटं सुचलं असतं तर मी सांगितलं असतं. सुचलं नाही.

"पूजेत आहे, साहेब."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. शिंत्रेसाहेब अर्धवट उठले. "साहेब, माझ्या विद्वान मित्रांचा कायदा आज पाटावर बसलाय. त्यांना तारीख द्यायला माझी हरकत नाही. नैवेद्य काय आहे तेवढं विचारून घ्यावं."

हशा वाढला. न्यायाधीशांनी हात वर केला. "तारीख हवी का, गर्दे?"

मी मागे पाहिलं. गुंडू टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता आणि त्याची दोन बोटं हवेत काहीतरी मापत होती.

"नको, साहेब."

मग मी साक्षीदाराकडे पाहिलं. बघायला दुसरं काही नव्हतंच. वालावलकर पन्नाशीचे, नीटनेटके, कपाळावर कालच्या दसऱ्याचं गंध पुसट राहिलेलं. मला एकदम वाटलं, हा माणूसही घाबरलाय. वकिली सुरू केल्यापासून मी साक्षीदाराचा चेहरा पहिल्यांदाच पाहत होतो.

"वालावलकरसाहेब," मी म्हणालो. आवाज बारीक निघाला. "त्या दिवशी लेथची पूजा कोणी केली?"

"मी."

"गुरुजी होते?"

"गुरुजी ऑफिसात होते. मशीनची पूजा दरवर्षी मीच करतो."

"हार तुम्ही घातलात?"

"हो."

"नारळ?"

"मीच फोडला. पहिल्या फटक्यात फुटला," असं म्हणून ते थोडे ओशाळले. हे सांगायची गरज नव्हती.

"आणि दरवर्षी, पूजा झाल्यावर मशीन पुन्हा कधी चालू होतं?"

ते शिंत्रेसाहेबांकडे पाहायला लागले.

"माझ्याकडे बघा," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं याचं मलाच नवल वाटलं.

"दुसऱ्या दिवशी. उत्तरपूजेनंतर."

"त्या वर्षी तुम्ही उत्तरपूजा लवकर उरकली का? संध्याकाळी?"

"नाही. ऑर्डर अडली होती. मालकांचा फोन आला. मी नुसतं चालू करा म्हणालो."

"गुंडू काय म्हणाला?"

"म्हणाला, आज नको. सकाळी लवकर येतो, दोन पाळ्या सलग करतो, पण आज हात लावणार नाही."

"सकाळी तो आला?"

"आला होता. गेटवर थांबवला त्याला."

इथे मी थांबायला हवं होतं. उलटतपासणीचा पहिला धडा असतो की ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही तो प्रश्न विचारू नये. पुस्तकात तो मी अधोरेखित करून ठेवला होता. पण पुस्तक पाटावर होतं, आणि माझे पाय दुखत होते. बूट नवे होते आणि मंगळवार पेठेपासून चालत आल्यामुळे टाच सोलली होती. डोक्यात दुसरं काही येईना.

"वालावलकरसाहेब, तुमच्याकडे वाहन आहे?"

"स्कूटर आहे."

"त्या दिवशी तिची पूजा केलीत?"

"केली. कारखान्यातच. सगळ्यांच्या गाड्या रांगेत लावतो."

"मग संध्याकाळी घरी कसे गेलात?"

शिंत्रेसाहेब उठले. "साहेब, या प्रश्नाचा खटल्याशी संबंध काय?"

"मलाही ऐकायचंय," न्यायाधीश म्हणाले. "बसा."

वालावलकरांनी रुमालाने मान पुसली. "चालत."

"राहायला कुठे?"

"फुलेवाडीला."

मागच्या बाकांवर कोणीतरी शीळ घालता घालता राहिलं. उद्यमनगर गावाच्या एका टोकाला आणि फुलेवाडी दुसऱ्या.

"फुलेवाडीपर्यंत चालत?" न्यायाधीशांनी स्वतःच विचारलं. "रिक्षा का नाही केलीत?"

"साहेब," वालावलकर अगदी काकुळतीला येऊन म्हणाले, "रिक्षांच्या पण पूजा झाल्या होत्या."

आता मात्र कोर्ट हसलं. पट्टेवाला हसला, लघुलेखक हसला, गुंडू टोपीत तोंड लपवून हसला. न्यायाधीश हसले नाहीत. ते खाली मान घालून लिहीत होते, पण लिहिताना खांदे हलत होते. आणि मला दिसलं की ते स्वस्तातल्या डॉटपेनने लिहीत आहेत. एरवी त्यांच्या हातात सोनेरी टोपणाचं काळं शाईपेन असे. त्या पेनाची आम्हा वकिलांत चर्चा व्हायची. ते पेन त्या दिवशी टेबलावर नव्हतं.

मी शिंत्रेसाहेबांकडे पाहिलं. तेही डॉटपेनकडेच पाहत होते.

"आणखी काही विचारायचंय?" न्यायाधीश म्हणाले.

"नाही, साहेब," मी म्हणालो आणि बसलो.

शिंत्रेसाहेबांनी फेरतपासणी घेतली नाही. त्यांनी समोरचा गठ्ठा हळूच मिटला आणि दुपारपर्यंतची मुदत मागितली. मालकांना फोन करायला खाली गेले. त्यांचा आवाज असा की निम्मं संभाषण आम्हाला माडीवर ऐकू आलं. "अहो, निकाल कुठे चाललाय ते मला दिसतंय... नाही, कायद्याचं राहू द्या... तुमची मर्सिडीज त्या दिवशी कुठे होती, तेवढं सांगा मला."

पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. पण वर आल्यावर शिंत्रेसाहेबांनी न्यायाधीशांसमोर कबूल केलं की गुंडू चौगले याला सोमवारपासून कामावर घेऊ.

मी उठलो. "त्याच लेथवर, साहेब. तसं लिहून हवं."

"गर्दे," शिंत्रे माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही सकाळी मुके होतात."

"त्याच लेथवर," न्यायाधीशांनी डॉटपेनने लिहिलं.

जिन्यात वालावलकरांनी मला गाठलं. मला वाटलं भांडतील. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "बरं झालं बघा. दोन वर्षं मी त्या लेथकडे पाहायचं टाळतोय." मग गुंडूकडे वळून, "सोमवारी लवकर ये रे. त्या पोराने तिचा आवाज बिघडवलाय."

"मला ठावं हाय," गुंडू म्हणाला. "भाईरनं जाताना ऐकतो की."

बाहेर आल्यावर त्याने मला चहाला नेलं आणि मी कशाने घरी जाणार ते विचारलं. बारा कधीच वाजून गेले होते, सायकल मोकळी झाली असणार होती, पण ती घरी होती. गुंडू माझ्यासोबत मंगळवार पेठेपर्यंत चालत आला. वाटेत तो लेथविषयी बोलत होता आणि मी ऐकत होतो. टाच दुखत होती, तरी रस्ता लवकर संपला असं वाटलं.

शिंत्रेसाहेबांचं पत्र त्याच आठवड्यात आलं. ते असं होतं:

'प्रिय गर्दे, वालावलकर चालत घरी गेला हे मला माहीत नव्हतं. तुम्हालाही माहीत नसणार, ते तुमच्या चेहऱ्यावरून कळलं. ते सोडा. मी विचारतोय वेगळंच. फाईल घरी ठेवून येणं, भर कोर्टात ती पूजेत असल्याचं सांगणं, आणि मग पूजेवरच साक्षीदाराला धरणं. ही चाल होती की नाही? खरं कळवा. चाल नसेल तर रविवारी घरी जेवायला या, कारण इतका सरळ वकील मी पाहिलेला नाही. चाल असेल तर सोमवारी ऑफिसात या, आपण भागीदारी करू. आपला, र. शिंत्रे.'

आता माझी अडचण लक्षात येईल. 'हो, चाल होती' असं लिहिलं तर ते खोटं. 'चाल नव्हती' असं लिहिलं तर याचा अर्थ, मी एक असा वकील की ज्याला बायकोने फाईलला हात लावू दिला नाही. तेही एक वेळ लिहिलं असतं. पण खरी गोष्ट अशी की मला स्वतःलाच नीट कळत नव्हतं. तो खटला मी जिंकला होता की आपोआप जिंकला गेला होता? त्यात माझं काय होतं? हा प्रश्न मी पुढे प्रत्येक खटल्यात स्वतःला विचारत राहिलो. गिरणी कामगार, नगरपालिकेचे सफाईवाले, सूतगिरणीतल्या बायका, साखर कारखान्याचे हंगामी नोकर, सगळ्यांचे खटले चालवले. प्रश्न लिहून नेणं सोडलं नाही. पण कागद खिशात ठेवू लागलो आणि साक्षीदाराकडे पाहू लागलो. लोक मला चांगला वकील म्हणायला लागले. मला वाटायचं, यांना माहीत नाही, त्या दिवशी माझी फाईल घरी राहिली होती म्हणून हे सुरू झालं.

शिंत्रेसाहेब आता नव्वदीला टेकलेत. बेळगावला मुलीकडे असतात. दृष्टी अधू झालीय. पत्रं मुलगी वाचून दाखवते, असं एका जुन्या पक्षकाराकडून कळलं. मीही कोर्टात जाणं सोडून बरीच वर्षं झाली. पुस्तकं मात्र अजून दरवर्षी पूजेला बसतात, आता कोणाला नको असलेले कायद्याचे जुने अंकसुद्धा.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटापाशी खुर्ची घेऊन बसलो होतो. चहा झाला होता. वाचायला काही नव्हतं, कारण वाचायचं ते सगळं पूजेत होतं, आणि बारा वाजायला खूप वेळ होता.

नलिनी भाजी निवडत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "घ्या हवं ते पुस्तक. बसलाय केविलवाणे."

"उत्तरपूजा कुठे झालीय?"

"त्याला काय लागतं? अक्षता टाकायच्या आणि वस्तू जरा हलवायची. झाली उत्तरपूजा."

"आणि नैवेद्य? बारा वाजता? तुमची वाईची पद्धत?"

ती भाजी निवडायची थांबली. मग हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, मी पाणी आणून दिलं.

"वाईला आम्ही चहाच्या आधी उचलायचो," ती म्हणाली. "दादांना शाळेत शिकवायला जायचं असायचं ना, पुस्तकं लागायची. उजाडलं की अक्षता टाकून मोकळे."

"मग त्या वर्षी..."

"त्या वर्षी मी आदल्या महिन्यात तुमच्या कोर्टात येऊन बसले होते. मागच्या बाकावर. तुम्हाला सांगितलंसुद्धा नाही. तुम्ही कागदातून मान वर काढलीत तर मी दिसणार ना." तिने देठ बाजूला टाकला. "घरी गुंडूची हकिकत इतकी छान सांगायचात. मी जेवायचं विसरायचे. आणि तिथे बघते तर काय, कागदाला प्रश्न विचारताय. म्हटलं, एक दिवस हा कागद काढून घेऊन बघू."

"आणि मी हरलो असतो तर?"

"मग दुसऱ्या दिवशी माहेरी गेले असते," ती सहज म्हणाली. "बॅग भरून ठेवली होती."

मी पाटाकडे पाहिलं. मग एक गोष्ट लक्षात आली.

"पण मग नंतर इतकी वर्षं तू दर दसऱ्याला बारापर्यंत का थांबवत आलीस?"

"काय करणार? एकदा वाईची पद्धत म्हणून सांगून बसले. पुढे सासूबाईंनीही तीच धरली, मुलांनीही. आता सून पुण्याला बारापर्यंत लॅपटॉपला हात लावत नाही. कुठल्या तोंडाने सांगू?"

आम्ही दोघंही हसत होतो. असे आम्ही फार दिवसांत हसलो नव्हतो.

"शिंत्रेसाहेबांना पत्र लिहायचंय," मी म्हणालो.

"आत्ता?"

"आत्ताच. पण पेन पाटावर आहे."

नलिनी उठली. भाजीचे हात पदराला पुसले, वाटीतल्या चार अक्षता पेनावर टाकल्या, पेन वीतभर सरकवलं आणि माझ्या हातात दिलं. घड्याळात दहासुद्धा वाजले नव्हते.

बेळगावला मुलगी वाचणार म्हणून अक्षर मोठं काढलं. पत्र असं लिहिलं:

'आदरणीय शिंत्रेसाहेब, उत्तराला थोडा उशीर झाला. चाल होती. माझी नव्हती, सौ. नलिनीची होती, आणि मला ती आज सकाळी कळली. तरी भागीदारीचा देकार तिला गेला असं समजावं. ती तो विचारात घेईल म्हणते. मी चाल नसलेल्यांपैकी असल्यामुळे माझं रविवारचं जेवण शिल्लक आहे. येत्या रविवारी दोघं बेळगावला येत आहोत. आपला, वि. गर्दे.'

पाकिटावर तिकीट लावलं. नलिनीने ते नीट चिकटलंय का ते बोटाने दाबून पाहिलं, आणि मी चपला घालत असताना म्हणाली, "रिक्षा करा हवी तर. आता सगळ्यांच्या उत्तरपूजा झाल्या असतील."

मी चालतच गेलो आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत पत्र टाकून आलो.